बँक खात्याबरोबर मिळणारा विमा: पैसे भरण्याआधी काय पाहाल?

"डॉक्टर, बँकेने खातं बदलून दिलं, त्यात विमापण आहे. मग जुना मेडिक्लेम बंद केला तर चालेल ना?" हा प्रश्न मला हल्ली वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे असतात, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेले. मी विमा एजंट नाही. पण दाव्याचे कागद भरून देताना, आणि दावा नाकारला गेल्यावर नातेवाइकांशी बोलताना जे दिसतं, ते इथे सांगतो.

सर्वात आधी पत्रकातला आकडा कशाचा आहे ते बघा. "दहा लाखांचं संरक्षण" हे वाचून दवाखान्याचं बिल दहा लाखांपर्यंत मिळेल, असं वाटतं. पुष्कळदा तो अपघाती मृत्यूचा विमा असतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, न्यूमोनिया, डेंग्यू यांपैकी काहीही अपघात नाही. काही खात्यांत "हॉस्पिटल कॅश" असते, म्हणजे दाखल असलेल्या प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कम, मग बिल कितीही होवो. काहींत टॉप-अप असतो, म्हणजे पहिले काही लाख तुमच्या खिशातून गेल्यावर पुढचं विमा कंपनी देते. या तिन्ही गोष्टी वाईट नाहीत, पण यांतली एकही मेडिक्लेमची जागा घेत नाही.

माझ्या एका रुग्णाच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा झाला. आठ वर्षांपासून मधुमेह, दर वर्षी न चुकता भरलेला मेडिक्लेम. बँकेत "यात सगळं येतं" असं ऐकून त्यांनी जुन्या पॉलिसीचं नूतनीकरण केलं नाही. काही महिन्यांनी छातीत दुखून अँजिओप्लास्टी करावी लागली, आणि तेव्हा कळलं की खात्यातला विमा फक्त अपघाताचा होता. मुलाने नातेवाइकांकडून उसने घेऊन बिल भागवलं. पैसे गेले ते गेलेच, त्याहून मोठं नुकसान पुढचं आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा कंपनी प्रतीक्षा काळ लावते. 2024 च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा असू शकतो. त्यांचा तो कधीच पूर्ण झाला होता. शिवाय सलग 60 महिने विमा चालू राहिला की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याचं कारण सांगून दावा नाकारता येत नाही. हे कवच त्यांनी एका सहीने गमावलं. आता नवी पॉलिसी मागायला गेले तर हृदयाचा आजार आधीचा म्हणून लिहिला जाणार, आणि कंपनी नकारही देऊ शकते.

म्हणून जुना मेडिक्लेम चालू असेल तर बँकेच्या विम्यासाठी तो सोडू नका. बदलायचाच असेल तर पोर्टेबिलिटीने बदला, म्हणजे आधी भरलेला काळ धरला जातो.

दुसरी अडचण आरोग्याच्या जाहीरनाम्याची. बँकेतल्या विम्याचा अर्ज दोन मिनिटांत मोबाइलवर भरला जातो आणि "कोणताही आजार आहे का?" यापुढे 'नाही' अशी खूण पडते. ती कधी ग्राहक करतो, कधी समोरचा कर्मचारी. सही मात्र तुमचीच असते. पुढे रुग्ण दाखल झाला की नातेवाईक मला बाजूला घेऊन म्हणतात, "कार्डावर शुगर आत्ताच निघाली असं लिहा ना." मी लिहीत नाही. ते खोटं तर आहेच, पण त्याने काही साधतही नाही. जुनी चिठ्ठी, लॅबचा रिपोर्ट, औषधांची बिलं यांतून आजार किती जुना ते विमा कंपनीला सहज कळतं. अर्ज स्वतः वाचून भरा आणि प्रत घरी ठेवा.

आता पैशांचं. बँक खात्यातला विमा बहुधा समूह विमा असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर आणि तुम्ही त्यातले एक सदस्य. बँकेने कंपनी बदलली किंवा योजना थांबवली तर तुमचं संरक्षण अडचणीत येतं. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या एकत्रित आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला, समूह विम्यावरचा मात्र राहिला. त्यामुळे "बाहेर महाग पडेल" हे आता डोळे झाकून मानू नका, नवे दर मागवून तुलना करा. 'मोफत' विम्यासाठी खात्यात मोठी शिल्लक ठेवायला सांगत असतील, तर तोही खर्चच आहे. समजा एक लाख रुपये अडीच टक्के व्याजाच्या बचत खात्यात अडकले आणि मुदत ठेवीत सहा टक्के मिळाले असते, तर वर्षाला 3,500 रुपये तुम्ही विम्यापायीच सोडले.

मग घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते फार स्वस्त आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघाती मृत्यूचा विमा मिळतो, वय 18 ते 70. जीवनज्योती योजनेत 436 रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात. त्यात प्रवेश 18 ते 50 वयात, आणि नव्याने घेतल्यास पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरला जातो. दोन्हींचा हप्ता मे अखेरीस खात्यातून आपोआप कापला जातो, म्हणून तेव्हा शिल्लक ठेवा. आमच्या भागात महत्त्वाची गोष्ट म्हणजे साप चावून किंवा झाडावरून पडून झालेला मृत्यूही सुरक्षा विम्यात येतो, पण तातडीने दवाखान्यात नेल्याची नोंद लागते. मांत्रिकाकडे वेळ घालवला तर माणूस जातो आणि दाव्याचा कागदही राहत नाही. हे विमे असल्याचं पत्नीला किंवा मुलांना सांगून ठेवा. पासबुकातली 20 रुपयांची ओळ वर्षश्राद्धानंतर सापडलेली घरं मी पाहिली आहेत.

दवाखान्याच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, ठरलेल्या उपचारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांत संरक्षण आहे. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. बँकेला पैसे देण्याआधी ही दोन कार्डं काढा.

बँकेचा विमा खरोखर दाखल होण्याचा खर्च देत असेल, तुम्ही तिशीतले असाल, नोकरीतून विमा नसेल आणि शुल्क स्वतंत्र पॉलिसीपेक्षा बरंच कमी असेल, तर जरूर घ्या. मधुमेही किंवा हृदयरुग्णाने फक्त त्याच्या भरवशावर राहू नये.

कर्ज किंवा लॉकरसाठी विमा घ्यावाच लागेल असं कुणी म्हणालं, तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो. बँकांच्या अशा चुकीच्या विमा विक्रीबद्दल अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनीही नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर नाराजी व्यक्त केली होती. दावा नाकारला गेल्यास आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, शुल्क नाही आणि वकील लागत नाही.

खात्यात विमा आधीच असेल तर बँकेकडून विमा प्रमाणपत्र मागून घ्या. पुढच्या तपासणीला येताना रिपोर्टच्या फाइलबरोबर तेही आणा. कोणता आजार त्यात येतो आणि कोणता नाही, हे तुमचे डॉक्टर तुमच्याबरोबर बसून पाहू शकतात.