ब्रोकरेज फक्त २० रुपये, मग इंट्राडेवाल्याचे पैसे जातात कुठे?

मोबाईलवर डिमॅट खातं उघडताना एक आकडा हमखास डोळ्यात भरतो: एका ऑर्डरला फक्त २० रुपये. शेअर घेऊन वर्षानुवर्षं ठेवणाऱ्याला ब्रोकरेजची फिकीर नसतेच. पण सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की घ्यायचं आणि दुपारी बंद होण्याआधी विकून मोकळं व्हायचं, हे रोज करणाऱ्याचं गणित वेगळं आहे.

समजा, त्याने १ लाखाचे शेअर घेतले आणि त्याच दिवशी विकले. घेताना २० आणि विकताना २०, म्हणजे ब्रोकरेज ४० रुपये. विक्रीवर ०.०२५ टक्के एसटीटी, ते २५ रुपये. वर एक्स्चेंजचं शुल्क, स्टॅम्प ड्युटी, सेबीची किरकोळ फी आणि ब्रोकरेजवर १८ टक्के जीएसटी. सगळं मिळून ८० रुपयांच्या वर जातं.

दिवसाला असे पाच सौदे, महिन्याला २० दिवस. झाले ८ हजार रुपये! आता गंमत बघा. इंट्राडेत बऱ्याच शेअरना पाचपट मार्जिन मिळतं, त्यामुळे १ लाखाच्या सौद्याला खात्यात २० हजारच लागतात. म्हणजे २० हजारांवर महिन्याला ८ हजार नुसता खर्च. नफा-तोट्याचा विषय अजून निघालेलाच नाही.

सेबीने जुलै २०२४ मध्ये दिलेले आकडे हेच दाखवतात. २०२२-२३ मध्ये इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जणांना तोटा झाला. वर्षाला ५०० हून जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण ८० टक्के होतं. शिवाय तोट्यातल्या लोकांचा व्यवहारखर्च मूळ तोट्याच्या ५७ टक्के होता. म्हणजे १०० रुपये बुडाले की वर आणखी ५७ गेले.

इथे ॲपचा संबंध येतो. पूर्वी ब्रोकरला फोन करावा लागायचा, आता बोट फिरवलं की ऑर्डर जाते. ब्रोकरला पैसे ऑर्डरमागे मिळतात, तुमच्या नफ्यामागे नाही. त्यामुळे ऑर्डर टाकणं जितकं सोपं, तितकं त्याचं भलं.

आणि समोर कोण असतं? २०२३-२४ मध्ये एफ अँड ओत परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडर्सच्या नफ्यापैकी ९६ टक्के नफा अल्गोने, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणाऱ्या सॉफ्टवेअरने कमावला. मोठ्या खेळाडूंचे सर्व्हर एक्स्चेंजच्या आवारातच असतात. मोबाईलवरची ऑर्डर आधी ब्रोकरकडे जाते, मग तिथे पोहोचते.

मग सामान्य माणसानेही अल्गो घ्यावा का? फेब्रुवारी २०२५ मध्ये सेबीने त्यासाठी नियम आणले. अल्गो विकणाऱ्याला एक्स्चेंजकडे नोंद करावी लागते, अल्गोच्या प्रत्येक ऑर्डरवर ओळख क्रमांक लागतो. त्यामुळे टेलिग्रामवरच्या भुरट्यांना चाप बसेल, पण सौद्यामागचे ८० रुपये कमी होणार नाहीत. पाचऐवजी २० सौदे करणारा अल्गो दिवसाला १६०० रुपये खर्च करतो.

हा हिशोब ॲपच्या पहिल्या स्क्रीनवर सहसा दिसत नाही. तो सौद्यानंतर ईमेलवर येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये असतो, एकेका शुल्काचा वेगळा.