खांडववनातले सहा जण

दिवाळी म्हणजे अजीर्णाचे दिवस. चकल्या, करंज्या आणि चिरोटे यांचा समाचार घेऊन झाला की घरोघर ओव्याची नि सुंठीची आठवण होते. तेव्हा या खेपेला आपल्या सदराचा आरंभ एका थोर अजीर्णापासून करायला हरकत नाही. हे अजीर्ण झाले होते साक्षात अग्निनारायणाला. श्वेतकी नावाच्या राजाला यज्ञाचे भारी वेड. त्याने बारा वर्षे अग्नीत अखंड तुपाची धार धरली. ते तूप पिऊन पिऊन अग्नीचे तेज गेले, अन्नावरची वासना उडाली. ब्रह्मदेवाने औषध सांगितले : खांडववन खा, तिथल्या प्राण्यांची चरबी पोटात गेली म्हणजे बरे वाटेल.

महाभारताच्या आदिपर्वात, प्रचलित पाठात, ही कथा आहे. लहानपणी आपण ती ऐकतो आणि हसतो. पण जरा थांबून पाहा. तूप ओतले राजाने, पोट बिघडले देवाचे, आणि औषध म्हणून गेले कोण? ज्यांनी त्या तुपाचा थेंबही कधी पाहिला नव्हता असे रानातले जीव.

अलीकडे धर्मग्रंथांत पर्यावरण शोधण्याची हौस वाढली आहे, आणि ती मला मनापासून आवडते. पाच जूनला पर्यावरण दिन आला की आमच्या महाविद्यालयातही फलक लागतात. वृक्षवल्लींना सोयरे म्हणणारे तुकोबा येतात, अथर्ववेदातले पृथ्वीसूक्त येते. उत्तमच आहे. पण हे म्हणजे फराळाच्या ताटातले नेमके बेदाणे वेचून खाण्यासारखे झाले. ग्रंथ वाचायचा तर त्यातले कडू पानही वाचले पाहिजे, आणि खांडवदहन हे तसे पान आहे.

प्रसंग उन्हाळ्याचा. कृष्ण आणि अर्जुन यमुनेकाठी जलक्रीडेला आले आहेत. बरोबर द्रौपदी आहे, सुभद्रा आहे, खाणेपिणे, गाणेबजावणे चालले आहे. आजच्या भाषेत सहलच म्हणा ना! तिथे ब्राह्मणाच्या वेषात अग्नी येतो आणि जेवण मागतो. जेवण म्हणजे ते वन. त्याने आधी सात वेळा प्रयत्न केला होता, पण दर वेळी रानातल्या हत्तींनी सोंडेने आणि नागांनी फण्यांनी पाणी आणून आग विझवली होती. हे वाचताना अंगावर काटा येतो. आपले घर विझवायला जनावरे धावली होती, एकदा नव्हे, सातदा.

आठव्या वेळी त्यांचे काही चालले नाही. दोन रथ वनाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि निसटू पाहणारा प्रत्येक जीव बाणाने किंवा चक्राने परत आगीत गेला. गांडीव धनुष्य अर्जुनाला मिळाले ते याच कामासाठी. कुरुक्षेत्रावर आप्त दिसल्यावर जे हातातून गळू लागले, तेच हे धनुष्य. खांडवाच्या कडेला ते गळले नाही. (या वाक्यावर वर्गात दर वर्षी पाच मिनिटे शांतता असते. एरवी माझ्या वर्गात इतकी शांतता नसते.)

वाचले किती? सहा. व्यासांनी मोजून नोंद ठेवली आहे. आणि ते सहा कसे वाचले, हे मला या साऱ्या कथेतले मर्म वाटते.

पहिला तक्षकाचा मुलगा अश्वसेन. तक्षक त्या दिवशी कुरुक्षेत्रात गेलेला. मुलाला वाचवण्यासाठी आईने त्याला गिळले आणि आकाशात झेप घेतली. अर्जुनाने तिचे मस्तक उडवले. तक्षक इंद्राचा मित्र, म्हणून इंद्राने वादळ उठवून अर्जुनाला क्षणभर मोहात पाडले, तेवढ्यात पोर निसटले. दुसरा मयासुर. तो अर्जुनाला शरण गेला, अर्जुनाने अभय दिले. आणि तो हाडाचा कारागीर निघाला. उरलेली चार शार्ङ्गक पक्ष्यांची पिल्ले. त्यांचा बाप मंदपाल ऋषी. त्याने आग लागण्यापूर्वीच अग्नीची स्तुती करून पोरांसाठी शब्द घेऊन ठेवला होता. म्हणजे हिशेब असा : एकाला आईच्या जिवाची किंमत पडली आणि वर इंद्राची ओळख लागली, एकाला हातातले कसब उपयोगी पडले, आणि चौघांचा बापाने वशिला लावला होता. ज्यांना यांपैकी काहीच नव्हते त्यांची नावेसुद्धा ग्रंथात नाहीत.

त्या पिल्लांची कथा तर मुळातूनच वाचावी. पंख फुटलेले नाहीत, आग जवळ येते आहे. आई जरिता म्हणते, उंदराच्या बिळात शिरा, मी वरून माती लोटते. पिल्ले म्हणतात, उंदीर खाईल. त्यापेक्षा जळणे बरे. शेवटी तीच आईला समजावतात की तू उडून जा, तुझे वय आहे, तुला आणखी मुले होतील. ती जाते. मग अग्नी येतो, दिलेला शब्द आठवतो आणि विचारतो, आणखी काय हवे? तेव्हा ही पिल्ले मागतात काय, तर ही मांजरे आम्हांला फार त्रास देतात, यांना जाळून टाक! व्यास किती निष्ठुर खरे बोलतात पाहा. ज्याची सुटका होते त्याला शेजाऱ्याची कणव येतेच असे नाही.

इथे श्रीकृष्णाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. शेती आणि नगरे वाढवायची तर रान तोडावे लागले, हे जगभरचे आहे. पण हिशेब मांडताना दुसरा रकाना कोरा ठेवायचा का, एवढाच प्रश्न आहे. मराठीत तो रकाना भरण्याचे धाडस इरावती कर्वे यांनी केले. त्यांचे ‘युगान्त’ १९६७ साली आले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातल्या ‘मयसभा’ या लेखात खांडवदहनाकडे त्यांनी देवाची भूक म्हणून न पाहता भूमी मिळवण्याची गोष्ट म्हणून पाहिले. पुष्कळांना ते रुचले नाही.

‘युगान्त’ आपल्या घराघरांतून वाचले गेले. त्याच बाईंचे दुसरे एक पुस्तक मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. डेक्कन कॉलेजने १९६९ साली ते प्रसिद्ध केले. इंग्रजीत आहे, जई निंबकर यांच्यासह केलेले आहे, आणि त्याचा विषय आहे कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी. म्हणजे खांडवातून कोण वाचले आणि कोयनेतून उठलेले कोठे गेले, हे दोन्ही शोध जवळजवळ एकाच काळात एकाच लेखणीने घेतले. ही दोन पुस्तके कपाटात शेजारी ठेवावीत असे मला फार वाटते.

कोयनेच्या विजेने कारखाने चालले, मुंबईत दिवे लागले. ते लागायलाच हवे होते. मीही त्याच उजेडात शिकलो. पण शिवाजीसागराच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी पांगली. धरणांसारख्या प्रकल्पांमुळे उठणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा आपल्या राज्यात झाला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेची गावे बुडून गेल्यावर. तोवर ज्याची कुठे ओळख, ज्याच्या हाती कसब, त्याचे निभावले असेल. बाकीच्यांनी काय करावे? जमिनीच्या मागणीसाठी कोयनेचे धरणग्रस्त या शतकातही आंदोलनाला बसले आहेत. मूळ उठलेले आता थोडेच, नातवंडे बसतात.

जंगलात राहणाऱ्यांच्या बाबतीत तर कबुलीच यायला २००६ साल उजाडले. त्या वर्षीच्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत, त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे सरकारने आपणहून लिहिले आहे. कायद्याच्या भाषेत असा शब्द क्वचित सापडतो.

महाभारत तर खांडव कधीच विसरले नाही. जिवंत सुटलेल्या मयाने चौदा महिन्यांत पांडवांना सभा बांधून दिली. त्या सभेत जमीन समजून दुर्योधन पाण्यात पडला, सगळे हसले, आणि तिथून द्यूताकडे वाट गेली. (सासऱ्याच्या आंधळेपणावरून द्रौपदीने मारलेला तो प्रसिद्ध टोमणा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. नाटक-सिनेमांनी त्या बाईला उगीच बोल लावला.) निसटलेला अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून रणांगणावर आला. तक्षकाने अर्जुनाच्या नातवाचा, परीक्षिताचा जीव घेतला. निमित्त ऋषिपुत्राच्या शापाचे, पण वैर जुने. आणि परीक्षिताचा मुलगा जनमेजय याने सर्पसत्र मांडून नागांना पुन्हा आगीत ओढायला सुरुवात केली. वैशंपायनाने महाभारत सांगितले ते या सत्रात. एवढा मोठा ग्रंथ ऐकला गेला तो जळत्या नागांच्या वासात. सत्र थांबवले आस्तिकाने. त्याचा बाप ऋषी, आई नागकन्या. दोन्ही घरांचा असल्याशिवाय ते काम कोणाला जमले नसते.

हे सारे फार थोरामोठ्यांचे वाटत असेल, तर श्रावणातली नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ वारुळाला लागतो, नागिणीची पिल्ले मरतात. ती येते, फाळाला रक्त पाहते आणि शेतकऱ्याच्या सगळ्या घराला डसते. सासरी असलेली एक मुलगी राहिली, म्हणून तिच्या गावी जाते. तिथे ती मुलगी पाटावर नाग-नागीण आणि त्यांची पिल्ले काढून पूजा करीत असते. नागीण निवते, दूध पिते, अमृत देते. ते माहेरच्यांच्या तोंडात घातल्यावर सारी माणसे उठून बसतात. म्हणून त्या दिवशी आपल्याकडे नांगर धरत नाहीत, विळीवर भाजी चिरत नाहीत.

सगळे घर उठते. नागिणीची पिल्ले उठली की नाही, याबद्दल कहाणी काही बोलत नाही. वर्गातल्या एका मुलीने मागच्या श्रावणात मला हे विचारले, आणि तेव्हापासून मी जितक्या कहाणीपोथ्या सापडतील तितक्या चाळतो आहे.