चिंटूला खलनायक कशाला?

मराठी वर्तमानपत्रातल्या एका लहान मुलाचे सिनेमावाल्यांनी काय करून ठेवले, याबद्दल मला भांडायचे आहे. मुलाचे नाव चिंटू. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी तो पुण्याच्या 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा अवतरला. चित्रे चारुहास पंडित यांची. कल्पना आणि संवाद त्यांचे व प्रभाकर वाडेकर यांचे मिळून. तीन-चार चौकटींच्या या चित्रमालिकेवर १८ मे २०१२ रोजी 'चिंटू' हा चित्रपट आला आणि २०१३च्या एप्रिलमध्ये पाठोपाठ 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा'. दोन्हींचे दिग्दर्शक श्रीरंग गोडबोले. इतक्या वर्षांनी हे प्रकरण उकरून काढायचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे, की या चित्रपटांविषयी जे काही बोलले गेले ते पुण्या-मुंबईचा प्रेक्षक डोळ्यांपुढे ठेवून. आमच्यासारख्यांचे त्यात काय गेले, हे कोणी विचारलेच नाही.

आमच्यासारखे म्हणजे बेळगाव-निपाणीचे, बिदर-भालकीचे, डांगाचे आणि आम्ही बडोद्याचे. मी सयाजीगंजात राहते. इथे घराच्या उंबऱ्याबाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी आणि दूरचित्रवाणीवर हिंदी. मराठी उरते ती स्वयंपाकघरात, देवघरात आणि लग्नपत्रिकेत. आमची मुले 'उद्या शाळेला रजा आहे' म्हणतात, कारण गुजरातीत सुटीला रजाच म्हणतात. गणित चुकले तर 'खोटे पडले' म्हणतात, कारण 'खोटुं' म्हणजे चुकीचे. ताटातल्या भाजीला 'शाक' म्हणतात. याबद्दल माझी तक्रार नाही. दोन भाषांच्या शेजारातून भाषा अशीच घडते, आणि बडोद्याच्या मराठीलाही तिची म्हणून एक ऐट आहे. पण आमच्या मुलांना देवनागरी येते ती हिंदीच्या तासामुळे. त्यामुळे 'चमचा' आणि 'जरा' ही मुले हिंदीतल्यासारखे वाचतात. तो च आणि तो ज लिहून दाखवता येत नाही, कुणीतरी शेजारी बसून म्हणूनच दाखवावा लागतो.

मग शेजारी बसून वाचायचे काय? 'श्यामची आई' आम्ही सगळ्यांनी मोठ्या श्रद्धेने मुलांच्या हाती दिली. पण पानागणिक चार शब्द अडले, की गुजराती शाळेतले पोर पुस्तक मिटून पळते, हा अनुभव घरोघरचा आहे. चिंटूचे तसे नव्हते. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून त्याचे छोटे संग्रह येत. एका वेळी तीन चौकटी, त्यांत पाच-सहा वाक्ये, आणि तीही पुस्तकी नव्हेत, तोंडातली. आई काय म्हणते, पप्पा वर्तमानपत्रातून डोके न काढता काय उत्तर देतात, पप्पूला चिंटू काय सांगतो, मिनी त्यावर काय फणकारते. शेवटच्या चौकटीत हसू आले तर मराठी कळली, नाही आले तर विचारायचे. याहून सोपी परीक्षा कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घेतलेली नाही. चिंटू सुरू झाला त्याच सुमारास उपग्रह वाहिन्या घरात शिरल्या आणि मुलांचे कान हिंदी-इंग्रजीने भरून गेले. अशा वेळी हा लहानगा आमच्या घरांत मराठीचा शिकवणीवाला होऊन राहिला, तोही फी न घेता.

त्याचे बळ कशात होते? काहीही न घडण्यात. चिंटूच्या चौकटींत चोर पकडले जात नाहीत की कोणाचे प्राण वाचवले जात नाहीत. अभ्यास टाळणे, खाऊसाठी लाडीगोडी, शेजारच्या जोशीकाकू, सतीशदादा, राजू आणि बगळ्याशी कट्टी-बट्टी, परीक्षेची धास्ती, सुटीचा कंटाळा. रोजचा दिवस रोजच्या दिवसासारखाच. चिंटू मोठा होत नाही, काही जिंकत नाही, धडाही शिकत नाही. आज आईने समजावले ते तो उद्या विसरलेला असतो. आपल्या घरातही हेच चालते हे मुलाला दिसत असे, आणि इथे घर बडोद्याचे की पुण्याचे हा प्रश्नच उरत नसे.

दुसरे बळ रेषेचे. आमच्या काळा घोडा चौकापासून चार पावलांवर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा आहे, १९५० साली सुरू झालेली. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने इथल्या कला-मेळ्यासाठी मुलांची चित्रपुस्तके केली. मोजक्या रेषांत चेहरा उभा करणे हे काही खालच्या पायरीचे काम नव्हे, हे या गावाला सांगावे लागत नाही. दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक वाकडी रेघ एवढाच चेहरा असला, की वाचणारे पोर त्यात आपला चेहरा घालते. चिंटूला आवाजही वाचणाराच देतो. आमच्या घरात तो गुजराती हेल काढून बोलत असे, बेळगावात कानडी हेल काढून बोलत असेल. दोन चौकटींमधल्या कोऱ्या जागेत किती वेळ थांबायचे हेही वाचणारा ठरवतो. अडखळत वाचणाऱ्या मुलाला ही सवलत फार मोलाची असते. पडद्यावरचा संवाद कुणासाठी थांबत नाही.

आता चित्रपटात काय झाले ते पाहा. चिंटू आणि त्याच्या मित्रांचे मैदान, क्रिकेटची चुरस, ते मैदान बळकावणारा गावगुंड, आणि मुलांनी एकजुटीने त्याच्याशी दिलेला लढा. दुसऱ्या चित्रपटात सुटीतले शिबिर, जंगल आणि खजिना. कामे करणाऱ्यांना मी बोल लावणार नाही. शुभंकर अत्रे या मुलाने जीव लावून चिंटू केला. विभावरी देशपांडे आणि सुबोध भावे हे आई-पप्पा कुठल्याही सोसायटीत राहतील असे होते. मैदाने गिळली जातात हा प्रश्नही खोटा नाही, बडोद्यातही नाही. पण ही गोष्ट कोणत्याही चार मुलांची असू शकते. चिंटूचे नाव काढून बंडू घातले तरी तिचे काही अडत नाही. आणि जी गोष्ट चिंटूवाचून अडत नाही ती चिंटूची कशी म्हणायची? गुंड आला की मुलांची भाषा बदलते. ती घोषणा देऊ लागतात, बेत आखू लागतात. आईशी हुज्जत घालणारी, जिच्यासाठी आम्ही ती पुस्तके झिजेपर्यंत वाचली, ती मराठी दोन प्रसंगांच्या मधल्या फटीत जाऊन बसते.

'अहो, सिनेमा म्हटला की गोष्ट लागतेच. तीन चौकटींवर दोन तास कसे चालणार?' हा युक्तिवाद मी पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' आली. आर. के. लक्ष्मण यांच्या रेषेतल्या सामान्य माणसाच्या कुळातलाच हा वागळे. दिग्दर्शक कुंदन शाह. त्यात खलनायक कोण होता? कोणीही नाही. घरातल्या-कचेरीतल्या बारीकसारीक विवंचना, एवढ्यावर ती चालली, आणि अंजन श्रीवास्तव यांना लोक वागळे म्हणूनच ओळखू लागले. परदेशातले पाहायचे तर चार्ल्स शुल्झ यांच्या 'पीनट्स'वर १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीने नाताळचा एक छोटा चित्रपट केला. खिन्न झालेला चार्ली ब्राऊन, मुलांचे बसवलेले नाटक आणि एक किडमिडे झाड, बस्स. आवाज खऱ्या मुलांचे, मागून पेरलेले हशे नाहीत. तो आजतागायत पाहिला जातो.

चित्रमालिका सोडा, नुसता मराठी चित्रपट घ्या. २०१४ साली परेश मोकाशींच्या 'एलिझाबेथ एकादशी'ने पंढरपुरातल्या एका सायकलीवर अख्खा चित्रपट उभा केला. सायकल विकायची पाळी येते आणि पोरे ती वाचवायला धडपडतात. सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला विभागून मिळाला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त आईच्या बदलीने कोकणात आलेला एकटा मुलगा आहे, समुद्र आहे, नवे मित्र आहेत. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली बालपरीक्षकांनी त्याला स्फटिक अस्वल दिले. म्हणजे परक्या मुलुखातल्या, मराठीचा गंधही नसलेल्या मुलांना गुंडावाचून चालले. न चालणारी मंडळी वेगळीच असतात, आणि ती मुले नसतात.

मला अधिक वाईट वाटते ते गोडबोले यांच्यासारख्या माणसाकडून हे झाले म्हणून. बर्लिनहून आलेली 'ग्रिप्स' ही मुलांच्या नाटकांची चळवळ पुण्यात १९८६ साली मोहन आगाशे यांनी रुजवली, आणि श्रीरंग गोडबोले तिच्यातले एक प्रमुख लेखक-दिग्दर्शक. राजे-राण्या आणि पऱ्या बाजूला सारून मुलांची रोजची भांडणे, रोजची भीती, मोठ्यांचा रोजचा अन्याय हाच नाटकाचा विषय होऊ शकतो, हे ग्रिप्सने महाराष्ट्राला दाखवले. ज्याने रंगमंचावर एवढा विश्वास ठेवला, त्याचा पडद्यावर येताच धीर का सुटावा? पैसा, हे उत्तर मला कळते. सिनेमाला नाटकाच्या कितीतरी पट पैसा लागतो आणि पैसा घालणाऱ्याला चढती-उतरती गोष्ट हवी असते. पण उत्तर कळले म्हणून ते पटले असे होत नाही.

दुसरा युक्तिवाद : 'मुलांना आवडला ना, मग तुमचे काय जाते?' मुलांना अंधार, मोठा पडदा आणि मध्यंतरातला खाऊ एवढे मिळाले की पुष्कळसे आवडते. आवडणे आणि घरात राहणे यांत फरक आहे. आमच्या घरी चित्रपट सुटीत पाहिला गेला आणि संपला. पुस्तके मात्र पाने सुटेपर्यंत राहिली, धाकट्यांकडे गेली, भाच्यांकडे गेली.

तिसरा युक्तिवाद सर्वांत घातक, आणि तो आपल्यातच, म्हणजे बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी मंडळींतच, अधिक चालतो. 'निदान मराठीत मुलांचा सिनेमा काढला हेच काय थोडे झाले? आपण बाहेरचे, जे येईल ते गोड मानून घ्यावे.' वाचकहो, ही उपकृत राहण्याची सवय आपण सोडली पाहिजे. उलट आपल्यालाच जास्त चोखंदळ असायला हवे. पुण्यातल्या मुलाला चिंटूची भाषा खिडकीतूनही ऐकू येते; एक चित्रपट फसला तर त्याचे काही बिघडत नाही. आमच्या मुलापुढे वर्षाकाठी एखाददुसराच मराठी चित्रपट येतो. तोही हिंदी सिनेमाच्याच साच्यातला निघाला, तर ते पोर म्हणते, मग हिंदीच बघू की, तिथे मारामारी जास्त चांगली असते. त्याचे काय चुकले?

हे दुखणे केवळ मराठीचे नाही. तारक मेहता यांचे 'दुनियाने ऊंधा चश्मा' हे सदर १९७१पासून 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकात येई. त्यावरची हिंदी मालिका २००८ साली सुरू झाली आणि घरोघर पोचली. पण ज्यांनी मूळ सदर वाचले आहे असे माझे गुजराती शेजारी आजही हळहळतात, की लेखणीतली तिरकी नजर गेली आणि उपदेश आला. त्यांची हळहळ आणि माझी एकच आहे. फरक इतकाच, की त्यांना गुजराती दारातच मिळते.

बिल वॉटरसन नावाच्या अमेरिकन चित्रकाराची 'कॅल्विन अँड हॉब्ज' ही चित्रमालिका १९८५ ते १९९५ अशी दहा वर्षे चालली. खोडकर मुलगा आणि त्याचा कापडी वाघ. त्याने त्यावर ना चित्रपट होऊ दिला, ना खेळणी निघू दिली. ती कागदावरची गोष्ट आहे, कागदावरच राहील, असे त्याने ठरवले. मी इतके टोकाचे मागत नाही. चिंटूने पडद्यावर यावे, जरूर यावे. पण आपल्या पायांनी यावे.

गुजरातीत 'रमवुं' म्हणजे खेळणे. मराठीत आपण खेळतो वेगळे आणि रमतो वेगळे. आमची मुले या दोन शब्दांत गोंधळतात, आणि ते समजावून सांगताना मला नेहमी चिंटूच आठवतो. कागदावरचा चिंटू रमत असे. चित्रपटातल्या चिंटूला सामना खेळायला लावले, आणि सामना म्हटला की हार-जीत आली, प्रतिपक्ष आला, शिट्ट्या आल्या. पुन्हा कोणी या मुलाला पडद्यावर आणणार असेल, तर त्याने एवढेच करावे : एक घर घ्यावे, एक पावसाळी रविवार घ्यावा, आई, पप्पा, पप्पू, मिनी आणि जोशीकाकू घ्याव्यात, आणि त्यांना मनसोक्त बोलू द्यावे. तसा चित्रपट आला तर आम्ही सयाजीगंजातून पुण्याला जाऊन तिकीट काढू, आणि येताना शेजाऱ्यांच्या मुलांसाठीही संग्रह घेऊन येऊ.