वज्रमुष्टीचा आखाडा

अलीकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत मुष्टियुद्धाचे वर्ग निघाले आहेत. हा साहेबी दांडगाईचा खेळ आपल्या घरच्या मुलामुलींनीं शिकावा काय, असें वडीलधारी मंडळी आम्हांस विचारतात. उत्तरादाखल एका लुप्त रंगभूमीची हकीकत सांगणें अवश्य वाटतें.

ठोशाची विद्या आपणांस नवी नाहीं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. (त्याची राजधानी कल्याण, परंतु तें कर्नाटकांतलें; आपलें खाडीकांठचें नव्हे!) गुजराथेंतील ज्येष्ठीमल्ल ब्राह्मणांचें तर 'मल्लपुराण' नांवाचें संस्कृत पुराणच आहे; बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत तें १९६४ सालीं प्रसिद्ध झालें. या मल्लांची खास विद्या म्हणजे वज्रमुष्टि. उजव्या मुठींत शिंगाचें दांतेरी आयुध धरावयाचें, डाव्या हातानें पकड घ्यावयाची आणि उजव्यानें प्रहार करावयाचा.

असल्या झुंजींस मोठा राजाश्रय लाभला तो मराठी बडोद्यांत. तेथें अग्गड नांवाचें, भिंतींनीं वेढलेलें विस्तीर्ण रंगण होतें. हत्तींची साठमारी तेथें चाले. खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दींत (१८५६–७०) लुई रूसले हा फ्रेंच प्रवासी तेथें राहिला होता. मुठींस नखें बांधून, भांग-अफूच्या धुंदींत लढणाऱ्या मल्लांचें अंगावर कांटा आणणारें वर्णन त्यानें लिहून ठेविलें आहे. पुढें १८७५ सालीं इंग्लंडचे युवराज बडोद्यास आले, तेव्हां त्यांनाही रंगणांतील झुंजी दाखविण्यांत आल्या. आज तें सर्व वैभव लयास गेलें आहे.

तें कां गेलें? लढणाऱ्याच्या रक्तावर पाहणाराची करमणूक उभी होती. आश्रयदात्याची हौस सरतांच आधारही सरला. याच सुमारास, १८६७ सालीं, इंग्लंडांत क्वीन्सबरी नियम प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या, पडलेल्यास उठण्यास दहा सेकंदांची मुदत, इतक्या बंधनांनीं ठोशांच्या मारामारीस खेळाचें रूप आलें. म्हैसूरच्या दसऱ्यांत वज्रमुष्टि टिकली, तीही मर्यादेमुळेंच: रक्ताचा पहिला थेंब दिसतांच तेथें लढत थांबते. खुद्द बडोद्यांत अग्गड ओस पडलें. परंतु जुम्मादादांची तालीम प्रो. माणिकरावांनीं नांवारूपास आणिली, कारण तेथें बघे नव्हे, शिष्य जमत.

तेव्हां खेळ साहेबाचा कीं आपला, हा वाद व्यर्थ आहे. वर्गांत नांव घालण्यापूर्वीं घरच्या वडिलांनीं स्वतः जाऊन पाहावें. मुलांस शिरस्त्राण व हातमोजे देतात काय? डोक्यास मार बसल्यास वैद्याकडे नेतात काय? आणि मुख्य म्हणजे, टाळ्या वाजत असतांही लढत थांबविण्याचें धैर्य गुरूजवळ आहे काय? तें असेल तर मुलीसही अवश्य पाठवावें. नसेल तर तें स्थळ शाळा नव्हे, दुसरें अग्गडच होय.