विलंबाचा हिशेब

मूल पहिली पावले टाकते तेव्हा घर आनंदून जाते. पण दीड वर्षाची नात एका अंगाला झुकून चालते, हे आजीच्या नजरेस पडते. क्ष-किरण चित्र काढले जाते आणि खुब्याचा सांधा जागेवर नसल्याचे उघड होते. मग सारे घर एकच प्रश्न विचारते : हे आधी का कळले नाही?

या विकारात खुब्याची वाटी उथळ राहते व मांडीच्या हाडाचा गोळा तीतून सरकतो. बाळाला वेदना होत नाही, म्हणून ते रडत नाही. मुलींमध्ये, पायाळू बालकांत आणि घराण्यात पूर्वी असा विकार असल्यास त्याचा संभव अधिक. पहिल्या सहा महिन्यांत निदान झाल्यास बहुधा पट्ट्याने सांधा जागी बसतो. नंतर भूल देऊन प्लास्टर घालावे लागते, आणि दीड वर्षानंतर बहुतेक वेळा शस्त्रक्रिया अटळ ठरते.

कायद्याच्या दृष्टीने हाच फरक महत्त्वाचा. विकार हा कोणाचा अपराध नव्हे. दावा असतो तो विलंबाने वाढलेल्या हानीचा. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. सर्वांना मोफत सेवा देणारी रुग्णालये मात्र त्याबाहेर आहेत. 1998 च्या एका निकालाने मूल आणि मातापिता या दोघांनाही ग्राहक मानले. तथापि, सामान्य कुशल डॉक्टरने घेतली असती तेवढी काळजी घेतली गेली की नाही, हीच कसोटी असते. जन्मावेळी निर्दोष वाटलेला सांधा पुढे बिघडू शकतो. म्हणून प्रत्येक विलंब निष्काळजीपणा ठरत नाही. परंतु बाळ पायाळू होते, लंगोट बांधताना एक पाय पुरता उघडत नाही असे आईने सांगितले होते, तरीही सोनोग्राफी सुचवली गेली नाही, तर दाव्याला आधार मिळतो.

तो आधार कागदावर हवा. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारीस दोन वर्षांची मुदत आहे. हानी दडलेली असल्यास ती कळल्यापासून मुदत मोजता येते. पण 2010 मध्ये गोव्याच्या एका परिचारिकेची तक्रार, नऊ वर्षे त्रास होऊनही तिने चौकशी केली नाही म्हणून, मुदतबाह्य ठरली. रुग्णालयाने आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपावीत आणि मागणीनंतर 72 तासांत प्रती द्याव्यात, असा नियम आहे. मूल चार वर्षांचे झाल्यावर जन्मवेळच्या नोंदी मागितल्या, तर त्या नष्ट झालेल्या असू शकतात. सेवेचा मोबदला पन्नास लाखांपर्यंत असल्यास तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. तो पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाही.

व्यापारी घरात मालाची प्रत्येक पावती वर्षानुवर्षे जपली जाते, खतावणीतील एका रुपयाचा फरक रात्र जागवतो. बाळाचा केसपेपर मात्र लसीकरणाच्या पिशवीत चुरगळून हरवतो. प्रसूतीचा कागद, प्रत्येक तपासणीची तारीख, आईने केलेली तक्रार आणि डॉक्टरांचे उत्तर यांची एक स्वतंत्र फाइल पहिल्या दिवसापासून असावी.

भरपाईने खर्च भरून निघतो. गेलेले सहा महिने परत येत नाहीत. म्हणून सहाव्या आठवड्याच्या लसीकरणाला गेल्यावर आईने किंवा आजीने एवढेच विचारावे : ‘डॉक्टर, बाळाचे खुबे तपासलेत ना?’ उत्तर मिळाले की ते तारखेसह लिहून ठेवावे.