धावण्यापलीकडचे दायित्व

दर वर्षी जानेवारीतील एका रविवारी भल्या पहाटे मुंबईचे रस्ते धावपटूंनी फुलून जातात. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन आता या महानगराच्या जीवनाचाच एक भाग बनली आहे. ४२.१९५ किलोमीटरचे अंतर कापण्याची जिद्द बाळगणारे तिच्यात असतात, तसे एखाद्या सेवाकार्यासाठी निधी जमवण्याचा संकल्प करून उतरणारेही असतात. कर्करुग्णांसाठी धावणारे त्यांतलेच. धावणाऱ्याने आप्तेष्टांना आवाहन करायचे आणि त्यांनी त्याच्या निमित्ताने संस्थेला देणगी द्यायची, ही पद्धत पाश्चात्त्य देशांतून आली. ती परकी म्हणून तिच्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. मात्र या मार्गाने उभा राहणारा पैसा नेमका कोठे कामी यावा, याचा विचार व्हायला हवा.

या पद्धतीमागे एक तेजस्वी उदाहरण आहे. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे कापावा लागला. १९८० च्या एप्रिलमध्ये कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला आणि रोज जवळजवळ एक मॅरेथॉन याप्रमाणे धावत राहिला. कर्करोग संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवाकडून एक डॉलर, एवढेच त्याचे मागणे होते. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुप्फुसांत पसरल्याचे आढळले आणि धाव थांबली. जून १९८१ मध्ये वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पण तोवर देशाच्या लोकसंख्येइतके, म्हणजे २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले होते. त्याची धाव अपुरी राहिली. संकल्प समाजाने पुरा केला.

आपल्याकडील चित्र काय सांगते? जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून अधिक मृत्युमुखी पडले. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून या रोगाशी झुंजत आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून तेथे रुग्ण येतात. उपचारांचा खर्च भागवण्यासाठी आता शासकीय योजनांचाही आधार आहे. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. हे मोठेच काम आहे.

परंतु रुग्णालयाचे देयक म्हणजे आजाराचा सारा खर्च नव्हे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, असे अनेकदा पाच ते सात आठवडे चालतात. तेवढा काळ गावाकडच्या शेतमजुराने मुंबईत राहायचे कोठे? सोबत आलेल्या पत्नीने खायचे काय? बुडालेल्या मजुरीवर गावातील मुलांचे पोट कसे भरायचे? या प्रश्नांची उत्तरे सापडली नाहीत की रुग्ण उपचार अर्धवट टाकून घरी परततो. बरा होऊ शकणारा माणूस केवळ निवाऱ्याअभावी हातचा जावा, ही समाजाला लाज आणणारी गोष्ट आहे.

परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा यांनी हे मर्म फार पूर्वीच ओळखले. बाहेरगावच्या रुग्णाला आणि त्याच्या नातलगांना तेथे निवारा मिळतो, माणुसकीची वागणूक मिळते. महाराष्ट्राला हे नवे नाही. वारकरी पंढरीची वाट चालतो. त्याला जेवू घालण्याचे आणि रात्रीचा आसरा देण्याचे काम वाटेवरची गावे करतात. कर्करुग्णाच्या वाटेवरही अशीच गावे उभी राहायला हवीत.

थोडा पैसा योग्य जागी पडला तर काय घडते, हेही मुंबईनेच दाखवले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून येथील झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख महिलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यांतील निम्म्या महिलांची ठरावीक अंतराने सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे साधे व्हिनेगर, वापरून गर्भाशयमुखाची तपासणी झाली. ती करणाऱ्या होत्या थोडे प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य आरोग्यसेविका. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते. येथे महागड्या यंत्रांपेक्षा घरोघर जाणाऱ्या बाईची चिकाटी मोलाची ठरली.

म्हणूनच धावणाऱ्यांनी आणि देणाऱ्यांनीही काही प्रश्न विचारले पाहिजेत. जमलेल्या निधीतून किती रुग्णांचे उपचार पूर्ण झाले? किती जणांना निवारा मिळाला? किती वस्त्यांत तपासणी पोहोचली? हा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. तो सेवेच्या शिस्तीचाच भाग आहे. रंगीत बनियन, छायाचित्रे आणि पदक यांतच उत्साह विरून गेला, तर धाव हा एका सकाळचा उत्सव ठरेल.

धावण्याचे बळ प्रत्येकाच्या पायांत नसते. पण दरमहा ठरावीक रक्कम देणे, आठवड्यातून एक दिवस रुग्णासोबत रांगेत उभे राहणे, धर्मशाळेत डबे पोहोचवणे, शेजारच्या तंबाखू खाणाऱ्याला तपासणीसाठी घेऊन जाणे, यांपैकी एक तरी गोष्ट प्रत्येक कुटुंबाला साधण्यासारखी आहे. धावपटूचे कष्ट काही तासांत संपतात. रुग्णाला महिनोन्‌महिने झुंजावे लागते. त्या झुंजीत तो एकाकी पडणार नाही, हे पाहणे समाजाचे दायित्व आहे.