तीनशे पावत्या, तीनशे एक फेऱ्या

सोनपेठ-गंगाखेडकडची पोरं आता आडत दुकानांची, पतसंस्थांची सॉफ्टवेअरं स्वतः लिहू लागली आहेत. मीही सोनपेठात हेच काम करतो आणि या पोरांचा मला अभिमान वाटतो. त्यांच्या कॉलेजांकडे मात्र एक मागणं आहे: प्रोजेक्ट तपासताना पडद्यावर काय दिसतं एवढंच बघू नका, डेटाबेसकडे किती प्रश्न गेले तेही मोजा.

यातले अनेकजण जँगो वापरतात. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी, एका दैनिकाच्या कचेरीत हे फ्रेमवर्क तयार झालं आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात डेटाबेसला प्रश्न विचारण्याचं एसक्यूएल हातानं लिहावं लागत नाही. ‘पावती.शेतकरी.नाव’ एवढं लिहिलं की नाव हजर. सोय मोठी आहे, आणि गोमही तिच्यातच आहे.

सोयाबीनच्या हंगामातला एक दिवस घ्या. 300 पावत्यांची यादी हवी, प्रत्येकीपुढे शेतकऱ्याचं नाव. जँगो एका प्रश्नात सगळ्या पावत्या आणतो, नावं आणत नाही. यादी छापायला घेतली की दर पावतीला डेटाबेसकडे नवी फेरी. झाल्या 301. कोतवालाला एकेका नावासाठी तलाठ्याच्या दप्तराकडे पिटाळावं, तसला हा प्रकार. संगणक दुकानात आणि डेटाबेस मुंबईच्या सर्व्हरवर असेल, तर फेरीला 50 मिलिसेकंद धरले तरी 15 सेकंद गेले. तोवर हिशोबपट्टीसाठी शेतकरी ताटकळत उभा, आणि यादी येईना म्हणून मुनीम पुन्हा बटण दाबतो. की आणखी 301.

उपाय ओळीत एक शब्द वाढवण्याइतका आहे. ‘सिलेक्ट_रिलेटेड’ लावलं की पावती आणि तिचा शेतकरी एकाच प्रश्नात जोडून येतात. उलट बाजूनं, प्रत्येक शेतकऱ्याच्या सगळ्या पावत्या हव्या असतील तर ‘प्रीफेच_रिलेटेड’. तिथे दोन प्रश्नांत काम होतं, शेतकरी 30 असोत की 300. सरसकट सगळीकडे मात्र हे लावू नये. न लागणारी माहिती ओढून आणण्यातही वेळ जातोच.

परीक्षेत दहा नोंदींवर सगळंच झटपट चालतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. परीक्षकांनी हजार नोंदी भरून घ्याव्यात, फेऱ्या मोजून दाखवणारा ‘डीबग टूलबार’ उघडायला लावावा आणि आकडा विचारावा. जँगोच्या चाचण्यांत ‘असर्टनमक्वेरीज’ आहे. ठरवल्यापेक्षा एक जरी फेरी वाढली तरी चाचणी नापास होते. मी प्रत्येक यादीला ती लावतो. आपल्या ओळीखाली निघालेलं एसक्यूएल ज्याला वाचता येत नाही, त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.